डंखानंतरची पंधरा मिनिटं

मागच्या लेखात लहान मुलांच्या तापाबद्दल लिहिलं होतं. त्यावर बरेच प्रश्न आले आहेत. त्यांची उत्तरं या वेळी द्यायची होती, पण ती आता पुढच्या वेळी. मधल्या काळात बडोद्याहून आपल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि ते मागे ठेवावं असं मला वाटलं नाही. तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून, मुद्द्याचं तेवढं सांगते.

तिचा भाऊ २७ वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून जाताना हेल्मेटच्या पट्ट्याशी गांधीलमाशी अडकली आणि मानेला डसली. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या. घरातली सेट्रिझिनची गोळी घेऊन तो झोपला, सकाळी उठून ऑफिसला गेला. विषय संपला. यंदा दिवाळीच्या सुट्टीत मंडळी शेतावर गेली होती. तिथे पुन्हा गांधीलमाशीच, या वेळी हाताला. अंगावर फारसं काही उठलं नाही, म्हणून सगळे निर्धास्त होते. दहा मिनिटांत पोटात कळा, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, आणि तो जागीच कोसळला. दवाखान्यात पोचेपर्यंत अर्धा तास गेला. सलाइन, इंजेक्शनं, एक रात्र तिथे, दुसऱ्या दिवशी घरी. हातात जो कागद मिळाला त्यावर निदान एवढंच : कीटकदंश. सोबत पाच दिवसांच्या गोळ्या.

आता त्या मुलीचे प्रश्न. असं पुन्हा होईल का? खिशात गोळ्या ठेवल्या तर पुरे का? याच्यावर कायमचा उपाय आहे का? आणि चौथा प्रश्न तिनं पत्राच्या शेवटी, जरा संकोचानं लिहिलाय : ‘दादासाठी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते, हे कुणाला सांगत बसू नकोस. तुम्हाला काय वाटतं?’

एकेक घेऊ.

आधी नावांचा घोळ मिटवूया, कारण आपली मासिकाची मंडळी चार प्रांतांत विखुरलेली. आम्ही बेळगावकडे जिला गांधील म्हणतो तिला इंदूरच्या घरांत ‘ततैया’ म्हणतात, बडोद्यात ‘भमरी’. पिवळी-तांबूस, बारीक कमरेची, वळचणीला किंवा खिडकीच्या कोपऱ्यात कागदासारखं घरटं करणारी. मधमाशी वेगळी. तिच्यातही मोठ्या झाडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली लोंबणारं आग्या मोहोळ वेगळं आणि पेटीत पाळतात ती सातेरी वेगळी. लहानपणी मला वाटायचं, डसली की अंगावर गांधी उठतात म्हणून तिचं नाव गांधील. ते खरं की खोटं हे भाषावाल्यांनी ठरवावं. (इटालियन भाषेत गांधीलमाशीला ‘व्हेस्पा’ म्हणतात. स्कूटरला ते नाव कुणी दिलं असेल त्यानं तिचा आवाज आणि मागचा फुगीर भाग दोन्ही नीट पाहिले होते.)

कोण चावलं हे लक्षात ठेवायला सांगते ते नुसत्या हौसेपोटी नाही. मधमाशीचं विष आणि गांधीलमाशीचं विष वेगळं असतं. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असेलच असं नाही, आणि पुढे उपचार करायचा झाला तर तो ज्या कीटकाची ॲलर्जी आहे त्याच्याच विषाचा करावा लागतो. साधी खूण अशी : मधमाशीच्या नांगीला उलटे काटे असतात, त्यामुळे नांगी विषाच्या पिशवीसकट कातडीत अडकून राहते आणि माशी मरते. गांधीलमाशीची नांगी सहसा राहत नाही, ती पुन्हा पुन्हा डसू शकते. नांगी दिसली की लगेच काढायची. चिमटीनं काढू नका, पिशवी दाबली जाते, कार्डानं खरवडा, असं आम्ही पूर्वी सांगत असू. १९९६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये यावर एक साधा प्रयोग छापून आला आणि त्यात दिसलं की कशानं काढली याला महत्त्व नाही, किती लवकर काढली याला आहे. कार्ड शोधण्यात दहा सेकंद घालवण्यापेक्षा नखानं उपटा.

आता सूज. डंखानंतरची प्रत्येक सूज म्हणजे ॲलर्जीचा धोका नव्हे. डसलेली जागा लाल होणं, ठणकणं, खाजणं हे विषाचं नेहमीचं काम. काहींची सूज मोठी असते. बोटाला डसली तर मनगटापर्यंत हात फुगतो, कपाळाला डसली तर दुसऱ्या दिवशी दोन्ही डोळे मिटतात. सूज दोन दिवस वाढते, मग आठवडाभर हळूहळू उतरते. दिसायला भयंकर, पण जिवाला सहसा धोका नाही. बर्फ, वेदनाशामक, खाजेची गोळी एवढ्यावर भागतं. पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या अशा सुजेला लोक ‘पू झाला’ म्हणून अँटिबायोटिक मागतात, त्याची गरज नसते. अशी मोठी सूज येणाऱ्यांपैकी पुढच्या डंखाला सगळ्या शरीरावर परिणाम होणारे शंभरात पाच ते दहा. उरलेल्यांना पुन्हा तशीच सूज येते, एवढंच.

हळद, चुना, कांदा, तुळशीखालची माती, लोखंड घासणं, हे सगळं आमच्याकडे येण्याआधी झालेलं असतं. त्यावर मी वाद घालत नाही. बिनधोक सुजेत त्यानं बिघडत काही नाही. पण धोक्याच्या वेळी लोखंड शोधायला माळ्यावर चढणारी माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा मात्र राग येतो.

धोका कधी? डसलं एकीकडे आणि त्रास दुसरीकडे सुरू झाला की. मूळ प्रश्न एवढाच आहे. हाताला डसली आणि अंगभर गांधी उठल्या, तळहात-तळपाय खाजू लागले, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटला, छातीत सूं सूं वाजू लागलं, पोटात कळा येऊन उलटी-जुलाब झाले, चक्कर आली, घाम सुटला. अनेक रोगी सांगतात, ‘आता काहीतरी वाईट होणार असं आतूनच वाटायला लागलं.’ या वाक्याला मी नाडीइतकीच किंमत देते. आणि एक गोष्ट डॉक्टरांनाही चकवते : डंखाच्या तीव्र ॲलर्जीत अंगावर काहीच न उठता थेट रक्तदाब कोसळू शकतो. त्या मुलीच्या भावाला नेमकं तेच झालं. पहिल्यांदा गांधी उठल्या, दुसऱ्यांदा नाही, म्हणून घरच्यांना वाटलं या वेळी कमी आहे. प्रत्यक्षात या वेळचं कितीतरी जास्त होतं.

याला ॲनाफिलॅक्सिस म्हणतात. शब्द जड आहे पण लक्षात ठेवा, कारण दवाखान्याच्या दारात तो उच्चारला तर माणसं वेगानं हलतात. या शब्दाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९०१ मध्ये शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ मोनॅकोच्या राजपुत्राच्या जहाजावरून समुद्रातल्या विषारी प्राण्यांचा अभ्यास करायला गेले. परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचं विष थोडं थोडं टोचून कुत्र्यांना विषाची सवय करता येते का ते पाहायला घेतलं. झालं उलटंच. पहिला डोस पचवलेला धडधाकट कुत्रा तीनेक आठवड्यांनी त्याहून लहान डोसानं काही मिनिटांत मेला. शरीर विषाला सरावलं नव्हतं, चिडून बसलं होतं. संरक्षणाच्या उलट, या अर्थाचा ग्रीक शब्द त्यांनी १९०२ मध्ये घडवला, आणि रिशेंना त्या कामासाठी १९१३ चं नोबेल मिळालं.

म्हणून ‘मला आजवर दहा वेळा चावल्यात, काही झालं नाही’ या वाक्यावर फार विसंबू नये. ॲलर्जी व्हायला आधीचा डंख लागतोच. विष पहिल्यांदा अंगात गेलं की काहींचं शरीर त्याविरुद्ध एक खास प्रतिपिंड बनवून ठेवतं. ती प्रतिपिंडं मास्ट पेशी नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. पुढच्या डंखाला या पेशी एकदम फुटल्यासारख्या मोकळ्या होतात, त्यांतून हिस्टामिन आणि इतर बरीच रसायनं बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैल होतात, त्यांतलं पाणी बाहेर झिरपतं, श्वासनलिका आवळतात. रक्त शरीरातच असतं पण हृदयाकडे परत यायला पुरत नाही.

आता मथळ्यातली पंधरा मिनिटं. ब्रिटनमधल्या रिचर्ड पम्फ्री या डॉक्टरांनी तिथल्या ॲनाफिलॅक्सिसच्या मृत्यूंच्या नोंदी वर्षानुवर्षं तपासल्या आणि २००० मध्ये त्या मांडल्या. अन्नाच्या ॲलर्जीनं दगावलेल्यांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ ३० मिनिटं होता. डंखानं दगावलेल्यांत १५. म्हणजे त्यांतल्या निम्म्यांना तेवढीही मिळाली नाहीत. बहुतेक रोगी दगावत नाहीत, हेही लगेच सांगते, घाबरून जाऊ नका. पण ज्यांचं प्रकरण बिघडतं त्यांचं दवाखान्याच्या वाटेवर बिघडतं. शेतापासून दवाखाना अर्ध्या तासावर असेल तर औषध शेतावर असायला हवं.

ते औषध एकच : ॲड्रेनलिन. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. ते सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळतं, श्वासनलिका उघडतं, हृदयाला जोर देतं आणि मास्ट पेशींना शांतही करतं. ही चारही कामं करणारं दुसरं औषध नाही. सेट्रिझिन, एव्हिल, स्टेरॉइड ही मंडळी खाज कमी करतात, नंतरच्या काही तासांत कदाचित थोडी मदत करतात, पण कोसळणारा रक्तदाब उचलत नाहीत. गोळी पोटातून रक्तात जाऊन काम सुरू करायलाच अर्धा-पाऊण तास घेते, आणि त्या माणसाला उलटी होतेय. तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : खिशातल्या गोळ्या पुरे नाहीत. आपल्याकडे लहान-मोठ्या कितीतरी दवाखान्यांत ‘एव्हिल-डेक्सा देऊन टाका’ हा रिवाज अजून आहे, ॲड्रेनलिनला लोक बिचकतात. मोठ्या माणसाला स्नायूत जास्तीत जास्त अर्धा मिलिग्राम, म्हणजे एक मिलीच्या नेहमीच्या ॲम्प्युलमधला अर्धा मिली, लहान मुलांना वजनाप्रमाणे. छाती धडधडते, हात थरथरतात, दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. तेच औषध घाईनं शिरेतून ढकललं तर मात्र धोक्याचं आहे, बिचकण्याचं मूळ बहुधा त्यात असावं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस देतात.

परदेशात यासाठी पेनासारखं आपोआप टोचणारं इंजेक्शन मिळतं. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये नाकात मारायच्या ॲड्रेनलिनच्या फवाऱ्यालाही मान्यता मिळाली. तुमच्यातल्या कुणाची भावंडं तिकडे असतील तर त्यांना हे माहीत असेल. आपल्या गावातल्या औषधाच्या दुकानात मात्र तो पेन सहजी मिळत नाही. ॲम्प्युल मिळते, आणि ती फार स्वस्त असते. म्हणून मी माझ्या अशा रोग्यांना ॲम्प्युल, एक मिलीची सिरिंज आणि लांब सुई देते, घरातल्या दोघांना समोर बसवून पाण्यावर सराव करून घेते आणि डोस कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते. हे तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्यायचं, वाचून परस्पर नाही. एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट : घरात आजोबांची इन्सुलिनची सिरिंज असते, ती चालेल का असं विचारतात. तिची सुई आखूड, ती चरबीतच थांबते, स्नायूपर्यंत पोचत नाही.

आणि रोग्याला आडवा ठेवा. पाय उशीवर. पम्फ्रींनीच २००३ मध्ये दाखवलं की दगावलेल्यांतले काही जण उठवून बसवल्यावर किंवा उभं केल्यावर क्षणात गेले. आपल्याकडे काय होतं? चक्कर आलेल्या माणसाला दोघांच्या मध्ये बसवून स्कूटरवरून पळवतात. त्या मुलीच्या भावालाही शेताच्या बांधावरून चालवत गाडीपर्यंत नेलं होतं. धाप लागली असेल तर पाठीला टेका देऊन, पाय लांब करून बसवा. उलटी होत असेल तर कुशीवर. गरोदर बाईला डाव्या कुशीवर. पण उभं करू नका, चालवू नका. गाडीची मागची सीट आडवी वापरा, नाहीतर १०८ ला फोन करा. हा क्रमांक आपल्या वाचकांच्या जवळजवळ सगळ्या प्रांतांत चालतो : गुजरात, कर्नाटक, गोवा, मध्य प्रदेश, तेलंगण, महाराष्ट्र. बरं वाटलं तरी दवाखान्यात जायचंच, काही तास तिथे थांबायचं, कारण काहींना त्रास उतरून पुन्हा उसळतो.

पुन्हा होईल का, हा पहिला प्रश्न. ज्या मोठ्या माणसाला एकदा असा सर्वांगाचा त्रास झाला, त्याला पुढच्या डंखाला तो पुन्हा होण्याची शक्यता ३० ते ६० टक्के धरतात. म्हणजे दरवेळी होईलच असं नाही, आणि तिथेच माणसं फसतात. मधल्या एका डंखाला काही झालं नाही की ‘गेली ॲलर्जी’ म्हणतात. लहान मुलांचं वेगळं : ज्यांना फक्त अंगावर गांधी उठल्या, त्यांना पुढच्या वेळी बहुधा काही होत नाही, झालं तर तेवढंच होतं. आयांनी त्यावरून मैदान बंद करू नये.

आता तिसरा प्रश्न, कायमच्या उपायाचा. उपाय आहे, आणि ॲलर्जीच्या सगळ्या उपचारांत इतका खात्रीचा दुसरा मला ठाऊक नाही. त्याच कीटकाचं शुद्ध विष अगदी अल्प मात्रेत कातडीखाली टोचायला सुरुवात करतात, हळूहळू वाढवत १०० मायक्रोग्रामपर्यंत नेतात. हे मधमाशीच्या साधारण दोन डंखांएवढं झालं. मग तो डोस दर चार ते सहा आठवड्यांनी, तीन ते पाच वर्षं. शरीर चिडणं सोडून त्या विषाला ओळखीचं मानू लागतं. रिशे आणि पोर्तिए जे करायला निघाले होते, ते अखेर असं जमलं.

त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं एक गफलत चालली होती. १९३० पासून डॉक्टर अख्खी माशी वाटून तिचा अर्क टोचत असत, आणि रोगी बरे होतात असं सगळ्यांना वाटायचं. शेवटी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समधल्या मंडळींनी १९७८ मध्ये रोग्यांचे तीन गट करून, उपचारानंतर त्यांना दवाखान्याच्या देखरेखीखाली खरोखर डंख देऊन पाहिलं. नुसतं पाण्यासारखं औषध मिळालेल्या १२ पैकी ७ जणांना त्रास झाला. अख्ख्या माशीचा अर्क मिळालेल्या ११ पैकी ७ जणांना, म्हणजे पाण्याइतकाच उपयोग. शुद्ध विष मिळालेल्या १८ पैकी एकाला. पुढच्याच वर्षी तिथे विषाच्या अर्कांना मान्यता मिळाली. आजचे आकडे असे : मधमाशीच्या बाबतीत सुमारे ८० टक्के लोकांना पूर्ण संरक्षण, गांधीलमाशीच्या बाबतीत ९० च्या वर. तरुणांना मी हा प्रयोग मुद्दाम सांगते. अनुभवी माणसं पन्नास वर्षं मनापासून जे करत होती ते पाणीच होतं, हे मोजल्याशिवाय कळलं नसतं.

पण आपल्याकडची अडचण लपवत नाही. विषाचे हे अर्क भारतात सहज मिळत नाहीत, मोजक्याच ठिकाणी हा उपचार होतो. जगाच्या बाजारातले अर्क युरोपीय मधमाशीचे आणि तिकडच्या गांधीलमाश्यांचे असतात. मधमाशीचं त्यातल्या त्यात जुळतं, आपल्या माश्यांचं विष तिच्या विषाच्या जवळचं आहे. आपल्या वळचणीच्या गांधीलमाशीचं जुळवणं अवघड. म्हणून बडोद्याच्या त्या भावानं ॲलर्जीतज्ज्ञांना गाठावं, तेही डंखानंतर चार ते सहा आठवड्यांनी, कारण लगेच केलेली तपासणी फसवी निघू शकते. तिथे विषाची रक्ततपासणी किंवा कातडीवरची चाचणी होते. ट्रिप्टेज नावाची आणखी एक तपासणी करून घ्यावी. अंगावर गांधी न उठता जे थेट कोसळतात, त्यांच्यातल्या काहींच्या शरीरात मास्ट पेशी मुळातच जास्त असतात, आणि ते कळलं तर पुढचं सगळं गणित बदलतं.

मात्र शंभर गोष्टींची यादी छापलेली तपासणी करून घेऊन, झुरळ, धूळ आणि वांगं यांच्यासकट जिभेखाली ठेवायच्या थेंबांची बाटली कुणी हातात दिली तर नम्रपणे परत करा. आणि ज्याला डंखाचा कधी त्रास झालेला नाही, त्यानं ‘सहज म्हणून’ ही तपासणी करूच नये. कित्येक निरोगी माणसांत ती सकारात्मक येते आणि विनाकारण आयुष्यभराची धास्ती बसते.

‘मधपाळांना सवय होते ना, मग आपणच थोडं थोडं चावून घेतलं तर?’ असंही एका तरुणानं मला विचारलंय. वर्षाला शेकड्यांनी डंख खाणाऱ्या मधपाळांना ॲलर्जी क्वचित होते हे खरं. पण वर्षाला दहा-वीसच खाणाऱ्या मधपाळांत ती चांगलीच आढळते. मोजून-मापून दिलेलं विष आणि चिडलेल्या माशीचा डंख यांत जमीन-अस्मानाचा फरक. सांधेदुखीसाठी मधमाश्या चावून घेण्याचं फॅडही मधूनमधून कानावर येतं. स्पेनमधल्या ५५ वर्षांच्या एका बाईंनी दोन वर्षं तो उपचार बिनत्रास घेतला होता. एका डंखाला त्या कोसळल्या आणि पुढे वारल्या. २०१८ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ते प्रकरण छापलं.

ट्रेकला जाणाऱ्यांसाठी एकच परिच्छेद. आग्या मोहोळ उठतं तेव्हा प्रश्न ॲलर्जीचा राहत नाही, विषाच्या मात्रेचा होतो. शेकडो डंख झाले तर ॲलर्जी नसलेल्या माणसाचेही स्नायू आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लक्षात येतं. लघवी लालसर-काळपट झाली तर थांबू नका. डंखातून सुटणाऱ्या धोक्याच्या वासाला पिकल्या केळ्यासारखा दर्प असतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावतो, म्हणून जागेवर उभं राहून हात हलवण्यात अर्थ नाही. तोंड झाकून सरळ पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. गडावर धूर, फटाके, दगड नकोत. रसवंतीवर उसाचा रस पिताना ग्लासात आधी डोकवा. घशात डंख बसला तर ॲलर्जी नसली तरी सुजेनंच श्वास अडतो.

आता आईचं म्हणणं. मी त्या आईला ओळखत नाही, पण तिची भीती ओळखते. ‘मुलात काहीतरी खोट आहे’ असं कुणी म्हणेल, ही ती भीती. आमच्या पिढीत चष्म्याचा नंबरसुद्धा लपवत. पण हा आजार एकट्यानं सांभाळता येतच नाही. कोसळलेला माणूस स्वतःला टोचू शकेलच असं नाही. टोचणार कोण? शेजारी असेल तो. लग्नानंतर शेजारी कोण असणार आहे? तिला पिशवी कुठे आहे हे माहीत नसेल, माहेरी शेतावर नेताना पिशवी घ्यायला हवी हे माहीत नसेल, तर बाकी सगळी तयारी फुकट. म्हणून पहिल्या-दुसऱ्या भेटीतच, पत्रिका जुळते की नाही हे बघतात तितक्या सहजपणे सांगून टाकावं : मला गांधीलमाशीची ॲलर्जी आहे, हे इंजेक्शन जवळ ठेवतो, असं द्यायचं. ऐकून जी उठून जाईल तिचा विचार नंतर करायची गरज उरत नाही. ऑफिसातल्या दोघा-तिघांना आणि सोबत फिरणाऱ्या मित्रांनाही सांगावं. वडीलधाऱ्यांपैकी कुणाला ही ॲलर्जी असेल आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. काही गोळ्यांमुळे ॲड्रेनलिनचा गुण कमी येतो. परस्पर बंद मात्र करू नका.

आणि दवाखान्यातून मिळालेला तो कागद बदलून घ्या. नुसतं ‘कीटकदंश’ नको, त्यावर ‘गांधीलमाशीच्या डंखानंतर ॲनाफिलॅक्सिस’ असं लिहून घ्या. पुढच्या वेळी अनोळखी डॉक्टरांसमोर त्या दोन शब्दांनी पाच मिनिटं वाचतील.

पिशवीबद्दल शेवटचं. तिच्यात दोन ॲम्प्युल, दोन सिरिंजा, डोसाचा कागद आणि घरच्यांचे फोन नंबर. ती मोटारसायकलच्या डिकीत ठेवायची नाही, एप्रिल-मेमध्ये डिकी तव्यासारखी तापते आणि ॲड्रेनलिनला ऊन आणि उजेड दोन्ही सोसत नाहीत. काळ्या कागदात गुंडाळून कमरेच्या किंवा खांद्याच्या पिशवीत ठेवा. औषध पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे. गुलाबी किंवा तपकिरी झाक आली तर मुदत असली तरी बदला. मुदतीची तारीख फोनमध्ये महिनाभर आधीची आठवण लावून ठेवा, आणि त्याच दिवशी घरातल्यांकडून जुन्या ॲम्प्युलवर एकदा सराव करून घ्या.

मुलांच्या तापाचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की.